वाळूतला रणगाडा आणि टेकाडावरची चौकी

४ डिसेंबर १९७१ची रात्र. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे जैसलमेरच्या सीमेवर चांदणं भरपूर होतं. लेफ्टनंट धरमवीर यांची गस्त सीमास्तंभ ६३८च्या परिसरात होती. त्यांना आधी काही दिसलं नाही. कानावर आली ती घरघर. खूप साऱ्या इंजिनांची, एका लयीत, आणि हळूहळू जवळ येणारी.

वाळवंटात रात्री आवाज फार लांब जातो. दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळला की झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते, वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. गस्तीच्या जवानांना हे शास्त्र ठाऊक असायची गरज नव्हती. एवढी इंजिनं म्हणजे रणगाडे, हे त्यांना कळलं आणि निरोप मागे गेला.

मागे, सीमेपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, लोंगेवालाच्या चौकीत भारतीय सैन्याच्या २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती. सुमारे १२० जवान आणि त्यांचे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून येत होते पाकिस्तानचे चाळीसहून अधिक रणगाडे आणि दोन हजारांहून जास्त सैनिक. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकी जागच्या जागी होती. आपले दोन जवान धारातीर्थी पडले होते. समोरच्या वाळूत तीसहून अधिक रणगाडे जळून किंवा रुतून पडले होते.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला ते खटकतं. चमत्कार म्हटलं की प्रश्न विचारायचे थांबतात, आणि त्या रात्री माणसांनी काय विचार करून काय केलं ते झाकलं जातं. म्हणून आधी रणगाडा समजून घेऊ, मग वाळू, मग चौकी, आणि शेवटी पुन्हा त्या रात्रीकडे येऊ.

छत्तीस टन, तरी जमिनीवर हलका

लोंगेवालाच्या युद्धस्मारकात पाकिस्तानकडून हाती लागलेला टी-५९ रणगाडा ठेवला आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की पहिल्यांदा नजर जाते ती पट्ट्यांवर. एकेक पोलादी पाटी खिळीने पुढच्या पाटीला जोडलेली, अशी लांबलचक साखळी चाकांभोवती फिरवलेली. हा रणगाडा चिनी बनावटीचा, सोव्हिएत टी-५४ची नक्कल. वजन ३६ टन, तोफ १०० मिलिमीटरची, आत चार माणसं.

एवढं धूड वाळूवर चालतंच कसं? सगळं गणित वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय याचं आहे. दोन्ही पट्ट्यांचा जमिनीला टेकलेला भाग धरला तर या रणगाड्याचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण ०.८ किलो भरतो. मोटारीच्या टायरचा दाब याच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे ज्या वाळूत मोटार बुडते तिथून छत्तीस टनांचा रणगाडा निघून जातो. वाळवंट हे रणगाड्यांसाठीच बनलंय अशी समजूत यातूनच पसरली. मोकळं मैदान, ना झाडं, ना नद्या, ना गावं. हवं तिकडे वळावं.

ही समजूत अर्धीच खरी आहे. दाब कमी असला तरी पुढे जायला जमिनीला मागे ढकलावं लागतं, आणि सुट्या वाळूचे कण ढकलले की घसरतात. पट्टा जागेवरच फिरतो, स्वतःखालची वाळू उपसतो आणि रणगाडा पोटावर टेकतो. वळणं आणखी अवघड. रणगाड्याला मोटारीसारखी पुढची चाकं वळवता येत नाहीत. एक पट्टा धीमा करायचा आणि दुसरा जोरात चालवायचा, की गाडी वळते. वाळूत असं वळताना बाजूला वाळूचा ढीग साचतो, तो चाकं आणि पट्टा यांच्यामध्ये शिरतो आणि पट्टा उतरतो. उतरलेला पट्टा पुन्हा चढवायचा तर चौघांना बाहेर येऊन पहारी आणि दोर घेऊन घाम गाळावा लागतो. गोळीबार चालू असताना हे करणं म्हणजे साक्षात मरण.

वाळूच्या टेकडीलाही दोन बाजू असतात. वारा जिकडून येतो ती बाजू सौम्य उताराची आणि थोडी घट्ट. दुसरी बाजू, जिथे वाळू वरून ओघळून पडते, ती तीस अंशांहून जास्त चढाची आणि भुसभुशीत. घट्ट जमिनीवर तीस अंशांचा चढ चढणारा रणगाडा या बाजूने वर जाऊ शकत नाही. त्यामुळे मोकळं दिसणारं वाळवंट प्रत्यक्षात वाटांनी भरलेलं असतं. वाळूच्या दोन रांगांमधल्या कठीण पट्ट्या, मातीचे सपाट तुकडे, आणि कुठे असलाच तर डांबरी रस्ता. ज्याला या वाटा माहीत आहेत त्याला शत्रू कुठून येणार हे बरंचसं आधीच माहीत असतं.

इंजिनाचं दुखणं वेगळंच. मऊ वाळूत सतत खालच्या गिअरमध्ये, पूर्ण जोर लावून चालावं लागतं. इंजिन तापतं. हवा ओढून घेणाऱ्या जाळ्या बारीक धुळीने तुंबतात. त्या वेळेवर साफ केल्या नाहीत तर धूळ आत जाऊन इंजिन कायमचं निकामी करते. इंधनाचा खर्च पक्क्या रस्त्याच्या मानाने कितीतरी वाढतो.

लढाईचं सगळ्यात मोठं कोडं इथेच सुटतं, म्हणून जरा थांबून पाहू. रणगाडा वाळूतून जाईल, पण त्याचं इंधन, गोळे, पाणी वाहणारे ट्रक जाणार नाहीत. त्यांना चाकं आहेत. त्यांना रस्ता लागतो. लोंगेवाला महत्त्वाचं होतं ते याच कारणाने. तिथून रामगडकडे आणि पुढे जैसलमेरकडे रस्ता जात होता. पुष्कळ लोक विचारतात की एवढे रणगाडे होते तर चौकीला वळसा घालून ते सरळ पुढे का गेले नाहीत. वळसा घातला असता तर मागचा रस्ता चौकीच्या तोफांच्या माऱ्यात राहिला असता आणि रसद तुटली असती. रसद तुटलेला रणगाडा म्हणजे एक-दोन दिवसांत नुसतं लोखंड.

कोण कुणाला आधी बघतं

रणगाड्याचा कमांडर बुर्जातून, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटातून, डोकं बाहेर काढून उभा असतो तेव्हा त्याची नजर जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर असते. पृथ्वीच्या गोलाईमुळे सपाट मैदानात तिथून साधारण सहा किलोमीटरपर्यंत दिसतं. खड्ड्यात झोपलेल्या माणसाला दोन किलोमीटरच्या पलीकडची जमीनही दिसत नाही. पण त्या झोपलेल्या माणसाला कुणी बघूही शकत नाही, आणि रणगाडा मात्र उठून दिसतो. दिवसा तर त्याच्या मागे धुळीचा लोट उठतो. रणगाडा दिसायच्या कितीतरी आधी तो लोट दिसतो आणि गाड्या किती, कुठल्या दिशेने, किती वेगाने येताहेत ते सांगून टाकतो.

भर दुपारी वाळूवरची हवा थरथरते. लांबचा रणगाडा पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो, अंतर चुकतं, नेम चुकतो. म्हणून वाळवंटातल्या मोठ्या लढाया बऱ्याचदा पहाटे, संध्याकाळी किंवा चांदण्यात होतात. सूर्य खाली असेल तेव्हा ज्याच्या पाठीशी तो असतो त्याचं फावतं, समोरच्याच्या डोळ्यांत किरणं जातात.

गोळीबार सुरू झाला की रणगाडा आंधळा होत जातो. कमांडरला झाकण लावून आत बसावं लागतं. मग जग दिसतं ते काचेच्या चिंचोळ्या फटींतून. अगदी जवळचा, बाजूचा, मागचा खड्डा त्याला दिसतच नाही. म्हणून रणगाड्याबरोबर पायदळ लागतं. पायदळ त्याचे डोळे आणि कान असतं. ही जोडी तोडली की चौकीचं निम्मं काम झालं.

चौकी मांडायची कशी

चौकी म्हटलं की किल्ल्यासारख्या भिंती डोळ्यांपुढे येतात. वाळवंटात भिंत बांधणं म्हणजे तोफेला निशाण देणं. चौकीचा सगळा जीव जमिनीच्या आत असतो. जरा उंच टेकाड निवडायचं, पण अगदी माथ्यावर बसायचं नाही, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस उठून दिसतो. वाळूत खंदक खणला की तो दोन तासांत ढासळतो, म्हणून वाळूची पोती आणि पत्रे लावून त्याच्या कडा धरून ठेवाव्या लागतात. छतावर लाकडाचे ओंडके, वर पुन्हा वाळू. वाळूचा एक उपकार मानायला हवा. उखळी तोफेचा गोळा मऊ वाळूत खोल शिरून फुटतो आणि त्याचे बरेचसे तुकडे वाळूतच विझतात.

काही वेळा मुद्दाम टेकाडाच्या मागच्या उतारावर बसतात. शत्रूला लांबून काही दिसत नाही. रणगाडा माथ्यावर चढतो तेव्हा क्षणभर त्याचं नाक आभाळाकडे असतं, तोफ खाली वाकत नाही आणि त्याचं पोट, जिथलं पोलाद पातळ असतं, ते समोरच्या माणसाला दिसतं. तेवढा क्षण पुरतो.

समोर काटेरी तार आणि तारेच्या आत सुरुंग. रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा फुटत नाही, त्याला फार मोठं वजन लागतं. तो रणगाडा उडवत नाही, पट्टा तोडतो. तेवढं पुरेसं असतं, कारण थांबलेल्या रणगाड्यावर नेम धरणं सोपं. वाळवंटात सुरुंगांची कटकटही आहे. वारा एका रात्रीत ते उघडे पाडतो किंवा इतके खोल गाडतो की फुटतच नाहीत. पण सुरुंगाचं खरं काम शत्रूच्या मनात चालतं. पुढे सुरुंग असतील असं वाटलं तरी रणगाडे थांबतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रणगाड्याला मारायचं कशाने? लोंगेवालात जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा होत्या. साध्या तोफेतून गोळा पुढे गेला की तोफेला मागे जोरात धक्का बसतो, म्हणून ती अवजड करावी लागते. रिकॉइललेस तोफ मागच्या बाजूने उघडी असते. दारूचा बराचसा वायू मागून निघून जातो, धक्का बसत नाही, आणि एवढी मोठी तोफ जीपवर मावते. तिच्या गोळ्याच्या तोंडाशी तांब्याचा पोकळ शंकू असतो. गोळा आपटला की मागची दारू त्या शंकूला पिळून त्याची सुईसारखी धार करते, आणि ती धार सेकंदाला काही किलोमीटर वेगाने पोलादात घुसते. गोळा किती वेगाने आला याने फरक पडत नाही.

याची किंमत मोजावी लागते ती मागच्या बाजूने. तोफ डागली की मागे ज्वाळा आणि धुळीचा ढग उठतो आणि सगळ्या मैदानाला कळतं की तोफ कुठे आहे. म्हणून एक-दोन गोळे टाकायचे आणि जीप घेऊन जागा बदलायची. आणि म्हणूनच पहिला गोळा वाया घालवायचा नसतो. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत बोट चापावर ठेवून गप्प बसायचं. सांगायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला सगळ्यात अवघड आहे.

ती कुणी कशी केली याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १९४२, इजिप्तमधलं एल अलामेन. २६ तारखेच्या रात्री ब्रिटिशांच्या रायफल ब्रिगेडची दुसरी बटालियन लेफ्टनंट कर्नल व्हिक्टर टर्नर यांच्या हाताखाली पुढे जाऊन वाळवंटातल्या एका उथळ खळग्यात बसली. त्या जागेचं सांकेतिक नाव ‘स्नाइप’. त्यांच्याकडे एकोणीस सिक्स-पाउंडर, म्हणजे रणगाडे मारायच्या, तोफा होत्या. तोफ बुटकी, खळग्यात ठेवली की तिची नळी तेवढी झुडपांच्या उंचीला येते. उजाडल्यावर कळलं की आपण जर्मन आणि इटालियन रणगाड्यांच्या अगदी मधोमध येऊन बसलो आहोत. दिवसभर हल्ले झाले. कुमक पोहोचली नाही, गोळे संपत आले, तोफा एकेक करून बंद पडत गेल्या. एका बाजूला चालू असलेली एकच तोफ उरली होती आणि गोळे हातावर मोजण्याइतके. सार्जंट कॅलिस्टन त्या तोफेवर होता. रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत तो थांबला आणि मग समोर आलेले तिन्ही रणगाडे टिपले. टर्नर डोक्याला जखम होईपर्यंत तोफांवरून तोफांवर धावत राहिले. नंतर चौकशी समितीने मैदानात फिरून मोजणी केली, तेव्हा निकामी रणगाड्यांचा आकडा तीसच्या वर भरला. टर्नर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

चौकी आपल्यालाच गोत्यात आणते तेव्हा

चौकी मजबूत असली की झालं, असं मात्र नाही. १९७३मध्ये सुएझ कालव्याच्या काठाने इस्रायलची बार-लेव्ह रेषा होती. वाळूचा उंच बांध आणि त्यात पेरलेल्या चौक्या. ६ ऑक्टोबरला इजिप्तने हल्ला केला तेव्हा त्या सगळ्या चौक्यांत मिळून पाचशेच्या आत सैनिक होते. इजिप्तच्या इंजिनिअरांनी पंपांनी पाण्याचे जोरदार झोत मारून वाळूचा बांध अक्षरशः वाहवून लावला आणि त्यातून वाटा काढल्या.

खरा घात पुढेच झाला. चौक्यांतून मदतीचे निरोप येऊ लागले आणि इस्रायली रणगाडे पायदळाशिवाय, लहान लहान गटांनी, त्यांच्याकडे धावले. वाटेत इजिप्तचं पायदळ वाळूत दबा धरून बसलं होतं, खांद्यावरून मारायची आरपीजी आणि तारेने चालणारी सॅगर क्षेपणास्त्रं घेऊन. सॅगर मारणारा माणूस बाजूला लपून, हातातल्या दांडीने क्षेपणास्त्र रणगाड्यापर्यंत वळवत नेतो. पायदळ बरोबर असतं तर त्या माणसावर बंदुकांचा मारा झाला असता आणि त्याचा हात हलला असता. एका दिवसात सिनाईतले इस्रायलचे निम्म्याहून जास्त रणगाडे निकामी झाले. चौक्यांपैकी ‘बुडापेस्ट’ नावाची उत्तर टोकाची एकच टिकली. चौकी शत्रूला अडवण्यासाठी असते. इथे तिने आपल्याच रणगाड्यांना ओढून घेतलं.

आठच दिवसांनी पारडं फिरलं. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राखालून बाहेर पडून पूर्वेकडे निघाले. समोर टेकाडांआड फक्त बुर्ज वर काढून इस्रायली रणगाडे थांबले होते, वरून विमानं. इजिप्तने एका दिवसात दोनशेहून अधिक रणगाडे गमावले.

याच्या उलट उदाहरण लिबियाच्या वाळवंटातल्या बीर हकीमचं. नावात ‘बीर’ म्हणजे विहीर, पण ती केव्हाच आटलेली. मे १९४२च्या अखेरीस जनरल कोनिग यांची सुमारे ३,७०० सैनिकांची मुक्त फ्रेंच ब्रिगेड तिथे सुरुंगांच्या वेढ्यात बसली होती. पहिल्याच हल्ल्यात इटालियन एरिएते डिव्हिजनचे तीसच्या आसपास रणगाडे त्या सुरुंगांत आणि तोफांपुढे पडले. जर्मन सेनापती रोमेलच्या रसदीला या ठाण्याला लांबचा वळसा घालून यावं लागत होतं, त्यामुळे ते त्याच्या घशात अडकलेलं हाड झालं. दोन आठवड्यांनी पाणी आणि दारूगोळा संपत आला तेव्हा १० जूनच्या रात्री ब्रिगेडने वेढा फोडून बाहेर वाट काढली. ठाणं गेलं, आणि त्याच महिन्यात टोब्रुक बंदरही पडलं. तरीही तिथल्या सैनिकांनी आपलं काम चोख केलं होतं असंच मी म्हणेन. चौकीचं काम रणगाडे संपवणं नसतं. रणगाडे जिथे थांबायला नको तिथे त्यांना थांबवून धरणं हे तिचं काम. संपवायला दुसरं कुणीतरी यावं लागतं. ते आलं तर लोंगेवाला होतं, आलं नाही तर बीर हकीम.

रात्रीबद्दल एक गोष्ट सांगून मूळ गोष्टीकडे वळतो. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात धुळीचं वादळ चालू असताना अमेरिकी रणगाड्यांनी इराकी टी-७२ रणगाडे एकामागून एक टिपले, कारण त्यांच्याकडे उष्णता पाहणाऱ्या दुर्बिणी होत्या. रात्री वाळू थंड होते, इंजिन गरम राहतं, आणि अशा दुर्बिणीतून रणगाडा अंधारात दिव्यासारखा दिसतो. फक्त सकाळ-संध्याकाळी, वाळू आणि पोलाद सारखंच तापलेलं असतं त्या थोड्या वेळात, तो पुसट होतो. १९७१मध्ये लोंगेवालाच्या वाळूत दोन्हीपैकी कुणाकडेच अशी दुर्बीण नव्हती.

पुन्हा ती रात्र

निरोप आल्यावर चांदपुरींनी मागे कळवलं. कुमक लगेच येणं शक्य नव्हतं. हवाई दलाची हंटर लढाऊ विमानं जैसलमेरच्या तळावर होती, पण रात्री उडून जमिनीवरचं लक्ष्य शोधण्याची सोय त्यांच्यात नव्हती. चांदपुरींना सांगण्यात आलं की थांबायचं की मागे यायचं ते तुम्ही ठरवा. मागे यायचं तर गाड्या नव्हत्या. १२० माणसांनी उघड्या वाळूतून पायी निघायचं आणि मागून रणगाडे, हा मार्ग मरणाचाच होता. पण फक्त नाइलाजाने ते थांबले असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी चौकीची जमीन बघितली होती. टेकाड आपल्याकडे आहे, भोवती मऊ वाळू आहे, तार आहे, आणि सहा-सात तासांत उजाडणार आहे.

मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमाराला तोफांचा मारा सुरू झाला. त्यात सीमा सुरक्षा दलाच्या उंटांपैकी पाच उंट मेले. मग रणगाडे आले. जवानांनी ते अगदी जवळ येऊ दिले आणि मगच रिकॉइललेस तोफा डागल्या. पुढचे रणगाडे पेटले. लांबच्या वाटचालीसाठी रणगाड्यांवर जादा इंधन लादलेलं होतं, त्याने भडका घेतला. त्या जाळाने आसपासचे रणगाडे चौकीतल्या तोफचींना उजेडात दिसू लागले, आणि धुराने रणगाड्यांतल्या माणसांना चौकी दिसेनाशी झाली.

पाकिस्तानी पायदळ पुढे सरकलं आणि अंधारात काटेरी तारेला अडखळलं. तार आहे म्हणजे तारेच्या आत सुरुंग आहेत, असा कुठल्याही शिकलेल्या सैनिकाचा होरा असतो. रणगाडे थांबले. सुरुंग काढायला मागून इंजिनिअर बोलावले गेले. त्यांनी शोध घेतला, आणि तिथे सुरुंगांचं क्षेत्र नव्हतंच हे कळेपर्यंत दोन तास गेले. डिसेंबरच्या त्या रात्रीतले दोन तास. रस्ता सोडून बाजूने चौकीला घेरायला गेलेली वाहनं मऊ वाळूत रुतू लागली होती. पूर्वेकडे उजळायला लागलं तेव्हा रणगाडे चौकीच्या समोरच होते, उघड्या वाळूत, आणि त्यांच्या डोक्यावर त्यांचं एकही विमान नव्हतं.

हंटर आली. जैसलमेरच्या तळाचे प्रमुख होते विंग कमांडर एम. एस. बावा. विमानं मोजकीच, दोन-दोनच्या जोडीने येत, मारा करत, परत जाऊन इंधन आणि दारूगोळा भरून पुन्हा येत. मेजर आत्मासिंग आपलं छोटंसं कृषक विमान घेऊन वर घिरट्या घालत होते आणि हंटरच्या वैमानिकांना रणगाडे कुठे आहेत ते सांगत होते. हंटरला तीस मिलिमीटरच्या चार तोफा आणि रॉकेटं. रणगाड्याचं जाड पोलाद पुढच्या बाजूला असतं. वरचं छत आणि मागचं इंजिनाचं झाकण पातळ असतं. वरून येणाऱ्या विमानाला नेमकं तेच दिसतं.

पुढे अनेक वर्षं वाद चालला की लोंगेवाला कुणी जिंकलं, चौकीतल्या जवानांनी की हवाई दलाने. या वादात मला कधीच अर्थ दिसला नाही. रात्रभर चौकीने रणगाडे थांबवले नसते तर पहाटे हंटरना ते रस्त्यावर, विखुरलेले, कदाचित रामगडच्या वाटेला लागलेले सापडले असते. आणि पहाटे हंटर आली नसती तर १२० जवानांकडचे गोळे कधीतरी संपलेच असते. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं, आणि नोव्हेंबर २०१८मध्ये ते वारले.

त्या दिवशी विमानांतून काढलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. त्यांत माणसं दिसत नाहीत. दिसतात पट्ट्यांच्या खुणा. सरळ आलेल्या समांतर रेषा एका जागी पोहोचतात आणि तिथून वळू लागतात. वरून येणारा मारा चुकवायला चालक उजवीकडे वळतो, मग डावीकडे, मग स्वतःभोवतीच, वाळूत मोठमोठी वर्तुळं काढत. त्यातल्या काही वर्तुळांच्या टोकाशी एक काळा ठिपका आहे.